डांबराचं सारवण

अमेरिकेत मे महिना उजाडला आणि पारा १० अंश सेल्सिअसच्या वर टिकायला लागला, की ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी अशा राज्यांतल्या उपनगरांमध्ये एरवी खुर्चीतून न उठणारे गृहस्थ एका शनिवारी सकाळी जुने बूट चढवून घराबाहेर येतात. घरापुढे रस्त्यापासून गॅरेजपर्यंत गेलेली डांबरी पट्टी असते. तिला ड्राइव्हवे म्हणतात. गृहस्थ आदल्या दिवशी आणलेल्या पाच-पाच गॅलनच्या बादल्या तिच्या कडेला मांडतात, कडेचं गवत उपटतात, झाडतात, पाइपने धुतात, तेलाचे डाग घासतात, भेगा बुजवतात, आणि मग बादलीतला काळाकुट्ट पातळ लेप ओतून लांब दांड्याच्या वायपरने ओढायला लागतात. सुरुवात गॅरेजच्या दारापासून करायची आणि मागे सरकत रस्त्यावर यायचं, हा या कामातला एकमेव सिद्धान्त. तो उलटा केला तर रात्रीचं जेवण गॅरेजमध्ये मागवावं लागतं. काम संपलं की ड्राइव्हवेच्या तोंडाशी दोरी बांधली जाते, तिच्यावर एखादी चिंधी फडफडते, आणि पुढचे २४ ते ४८ तास गाड्या रस्त्यावर, मुलं गवतावर आणि कुत्रं साखळीला. पार्सल आणणारा तेवढा दोरी ओलांडून येतो. त्याच्या बुटांचे ठसे पुढची दोन वर्षं वाचता येतात. या सगळ्या प्रकाराला सीलकोटिंग म्हणतात. दर दोन-तीन वर्षांनी ते करायचं असतं, आणि ज्याला कंबर वाकवायची नसते तो ट्रकवाल्याला बोलावून फवाऱ्याने मारून घेतो.

ही क्रिया कुठल्या शास्त्रात बसते याबद्दल मोठा गैरसमज आहे. बादलीवर लिहिलेलं असतं की हा डांबराच्या संरक्षणाचा लेप आहे. म्हणजे मामला स्थापत्यशास्त्राचा. माझं म्हणणं असं, की हे शेणाने अंगण सारवण्याचं काम आहे, आणि तसं मानलं तरच त्यातल्या सगळ्या चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो. सारवणाचेही फायदे सांगता येतातच: धूळ बसते, जमीन उकलत नाही. पण सणाच्या आदल्या दिवशी अंगण सारवणारी बाई जमिनीची झीज मोजून सारवत नव्हती. उद्या चार माणसं येणार, दारात थांबणार आणि अंगणावरून घर जोखणार, हा तिचा हिशेब होता, आणि तो अगदी बरोबर होता. न्यू जर्सीतली काही मराठी घरं दिवाळीला ड्राइव्हवेवर रांगोळी काढतात. ताज्या सीलकोटवर पांढरी रेघ जशी उठते तशी कशावरच उठत नसल्यामुळे, या लेपाचा खरा उपयोग सगळ्या अमेरिकेत त्यांनाच कळला आहे असं म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की सारवलेल्या अंगणात माणसं बसत, आणि ड्राइव्हवेवर टोयोटा बसते.

आधी स्थापत्यशास्त्राची बाजू ऐकून घेऊ, कारण ती अगदीच पोकळ नाही. डांबरी फरसबंदी म्हणजे वजनाने साधारण ९५ टक्के खडी, कच आणि वाळू. उरलेले ५ टक्के बिटुमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणारा चिकट भाग. भार खडी पेलते, खडीला एकत्र ठेवायचं काम बिटुमेन करतं. ऊन आणि हवा लागून ते कडक नि ठिसूळ होतं, वरचा काळा पापुद्रा झिजतो, खडी डोकं वर काढते आणि पृष्ठभाग राखाडी दिसायला लागतो. इथवर ठेकेदार आणि मी एकमताचे आहोत. सीलकोट ऊन अडवतो, इंजिनातून ठिबकणारं तेल डांबरात मुरू देत नाही, पाणी वरच्यावर वाहून जायला मदत करतो, हे त्याचं म्हणणंही खोटं नाही. प्रश्न आहे तो ‘किती’ हा. पाच गॅलनची बादली साडेतीनशे ते चारशे चौरस फुटांना पुरते. गुणाकार-भागाकार केला तर ओला थर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येतो, आणि त्यातलं साधारण निम्मं पाणी उडून गेलं की पाव मिलिमीटर उरतो. दोन हात मारले तर अर्धा. दोन टनांची गाडी आणि पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा यांच्यासमोर एवढा फौजफाटा उभा केलेला असतो.

हिवाळा म्हटला की भेगा आल्या. पाणी भेगेतून आत शिरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भेग रुंदावतं, वितळतं, आणखी खाली उतरतं, पुन्हा गोठतं. अशा पाचपन्नास आवर्तनांनंतर तिथे खड्डा पडतो. यावर खरा उपाय म्हणजे भेगा साफ करून त्यांत रबरमिश्रित गरम डांबर भरणं. पाव मिलिमीटरचा लेप भेगेवरून ओढला तर पहिल्याच थंडीत भेग त्या लेपालाही भेगाळते. याचा अर्थ, आपल्या गृहस्थांनी दुपारच्या जेवणाआधी जे केलं, म्हणजे गवत उपटणं, धुणं, भेगा बुजवणं, त्याने ड्राइव्हवेचं आयुष्य वाढलं. आणि जेवणानंतर जे केलं त्याने ड्राइव्हवेचा फोटो चांगला येतो. जेवणाआधीचं काम समोरच्या घरातून दिसत नाही. म्हणूनच बहुधा ट्रकवाल्या ठेकेदारांत जेवणाआधीच्या कामाला फाटा देऊन थेट फवारा सुरू करणारे निघतात, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करावी असं कुणाला निदान डिसेंबरपर्यंत वाटत नाही.

यावर ठेकेदाराचा नातेवाईक असलेला एखादा अभियंता म्हणेल, की पातळ असला तरी थर तो थरच. ठीक आहे. मग त्याने महामार्गावर जावं. अमेरिकेतल्या राज्यांची परिवहन खाती प्रचंड लांबीचे डांबरी रस्ते सांभाळतात, झिजलेल्या पृष्ठभागांवर तऱ्हेतऱ्हेचे पातळ थर चढवतात. पण ड्राइव्हवेवरचा हा काळा तुकतुकीत लेप हमरस्त्यावर मारत नाहीत. वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकाला पकड हवी असते, आणि हा लेप खडीचा खरखरीतपणाच बुजवतो. ती खाती डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी दाबतात किंवा कच मिसळलेला थर पसरतात. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत ‘कारपेट आणि सीलकोट’ असतो तो याच जातीचा. त्यात खडी किंवा कच असतो आणि त्याची जाडी, निदान अंदाजपत्रकात तरी, मोजता येते. ज्यांचं पोट रस्त्यावर चालतं ते लोक जो लेप रस्त्यावर लावत नाहीत, तो लेप ताशी पाच मैलांच्या वर कधीच कुणी न जाणाऱ्या चाळीस फुटांच्या पट्टीला अत्यावश्यक कसा ठरतो, याचं उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही.

ते गल्लीत शोधावं. एका रांगेतल्या आठ घरांपैकी सगळ्यांचे ड्राइव्हवे राखाडी असतात तोवर राखाडी हा ड्राइव्हवेचा नैसर्गिक रंग असतो. मधल्या एकाने सीलकोट मारला की त्या क्षणी उरलेले सात जुने होतात. डांबराच्या रचनेत काही बदललेलं नसतं. काल ठणठणीत असलेली पट्टी आज दुर्लक्षित दिसायला लागते, आणि तिच्यामागचं घर, घरातला माणूस, त्याचं लग्न, सगळ्यांवरच तिची सावली पडते. व्यवसायाला हे पुरतं ठाऊक असतं. ट्रकवाला एका घराचं काम संपवून निघताना आजूबाजूच्या दारांवर दरपत्रकाच्या चिठ्ठ्या अडकवून जातो. त्या चिठ्ठीवर डांबराच्या ऑक्सिडेशनबद्दल दोन ओळी असतात खऱ्या, पण जाहिरात चिठ्ठीत नसते, ती शेजारी वाळत पडलेली असते. घर विकायला काढलं की दलाल पहिल्या आठवड्यात जी यादी देतो तीत सीलकोटिंग हमखास असतं. घर घेणारा माणूस ड्राइव्हवेवर उभा राहून घराकडे बघतो, आणि पुढच्या हिवाळ्यातल्या भेगा विकणाऱ्याच्या नसतात. जिथे घरमालकांच्या संघटना आहेत तिथे तर ड्राइव्हवे नीट राखण्याचं कलमच नियमावलीत असतं. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यातल्या चपलांचा जेवढा सल असतो, तेवढा तिथल्या अध्यक्षाला राखाडीपणाचा असतो.

या व्यवहारात फसवणुकीची एक जुनी शाखाही आहे आणि तिचा अभ्यास उद्बोधक आहे. एक अनोळखी माणूस ट्रक घेऊन दारात येतो आणि सांगतो, की पलीकडच्या गल्लीतलं काम आत्ताच संपलं, माल उरलाय, टाकून देण्यापेक्षा तुमचा ड्राइव्हवे निम्म्या पैशांत करून देतो, रोख मात्र हवेत. अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग घरदुरुस्तीतल्या फसवणुकीच्या ज्या खुणा सांगतो, त्यात हा ‘उरलेला माल’ ठळकपणे आहे. लोक तरीही बळी पडतात. आता विचार करा: ज्याचा एवढा माल उरला, त्याला एक तर ड्राइव्हवे मोजता येत नाही, नाही तर त्याने पलीकडच्या गल्लीत कमी माल लावला. दोन्ही गोष्टी त्याला कामावर न ठेवण्याची कारणं आहेत, आणि त्याच त्याच्या शिफारशी ठरतात. तो भरपूर पाणी घातलेला लेप मारून पैसे घेऊन जातो आणि पहिल्या सरीला ड्राइव्हवे गटाराच्या दिशेने निघून जातो. पण त्या संध्याकाळपुरता ड्राइव्हवे काळाभोर असतो, हे विसरू नये. संरक्षण विकणाऱ्याला इतक्या झटपट गिऱ्हाईक मिळालं नसतं. विमा विकणाऱ्यांना विचारा.

घरमालक हळवा असतो, मान्य. पण दुकानदार तर हिशेबी, मग तो एकरच्या एकर पार्किंग लॉट का काळा करतो, असा आक्षेप येईल. आक्षेप चांगला आहे, म्हणून पार्किंग लॉटकडे जरा नीट बघू. अमेरिकेतल्या बहुतेक नगरपालिकांनी विसाव्या शतकात ठरवून टाकलं, की दुकान बांधायचं तर गाड्यांसाठी अमुक जागा ठेवल्याच पाहिजेत. एक हजार चौरस फुटांमागे चार-पाच जागा हे नेहमीचं प्रमाण. येण्याजाण्याची वाट धरली तर एका गाडीला तीनशे चौरस फूट तरी लागतात. म्हणजे हजार फुटांच्या दुकानापुढे बाराशे ते पंधराशे फुटांचं डांबर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून दाखवून दिलं, की हे आकडे कुठल्या शास्त्रातून आलेले नाहीत. एका गावाने दुसऱ्याचे उतरवून घेतले आहेत आणि मोजमाप गर्दीच्या टोकाच्या दिवसाचं आहे. पुढे बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्तीच काढून टाकली. पण बाकी देशात नाताळाआधीच्या खरेदीच्या दोन शनिवारांसाठी आखलेलं डांबर उरलेलं वर्ष मोकळं पडलेलं दिसतं, आणि दुकानापासून लांबच्या रांगांमध्ये तर समुद्रपक्षी वस्तीला असतात.

आता जिथे चाक फिरत नाही, तेल ठिबकत नाही, तिथे संरक्षण कोणापासून, तर ऊन आणि पाण्यापासून, असं उत्तर मिळतं. ते खरं धरलं तर सर्वांत झिजणारा भाग, म्हणजे दुकानाच्या दाराजवळची वाट, आधी जाड थर टाकून दुरुस्त करायला हवी आणि लांबच्या रांगांची भेगाबुजवणी करून गप्प बसायला हवं. तसं क्वचितच होतं. रात्रीत अर्धा लॉट दोऱ्या लावून बंद होतो, पहाटेपर्यंत काळा होतो, आणि मग येतं ते खरं आकर्षण: नव्या पांढऱ्या-पिवळ्या रेघा. अपंगांच्या जागा स्पष्ट आखलेल्या असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि योग्यही आहे, पण रेघ राखाडीवरही आखता येते. काळ्यावर ती उठते, लॉट कालच बांधल्यासारखा दिसतो, आणि त्यामागचं पंचवीस वर्षांचं दुकानसुद्धा. दुकानदार हिशेबी आहेच. त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा हिशेब केला आहे. नवरात्रात दुकान धुऊन, रंगवून, तोरण लावणाऱ्या लक्ष्मी रोडवरच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. अंगण त्याचं, पैसे त्याचे, शनिवार त्याचा. तो सारवतो की रंगवतो याच्याशी इतरांना काय देणंघेणं? लेप अंगणात राहिला असता तर या आक्षेपापुढे मी हात टेकले असते. तो राहत नाही. सीलकोट दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा का मारायचा असतो? कारण आधीचा गेलेला असतो. कुठे गेला, हे विचारायचं मात्र अनेक दशकं कुणाला सुचलं नाही. ते सुचलं टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. तिथे बार्टन स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत, त्यांच्या पाण्यावरचा पोहण्याचा तलाव शहराचा जीव की प्राण आहे, आणि बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर हा उभयचर प्राणी जगात फक्त त्याच परिसरातल्या झऱ्यांत सापडतो. या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या कर्मचाऱ्यांना तिथल्या ओढ्यांच्या गाळात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच, या विषारी कुळातली द्रव्यं भलत्याच प्रमाणात सापडायला लागली. जवळ ना कारखाना, ना तेलाची टाकी. संशय पार्किंग लॉटवरून वाहून येणाऱ्या काळ्या टवक्यांवर गेला. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे बार्बरा माहलर आणि पीटर व्हॅन मीटर यांनी शहराच्या लोकांबरोबर लॉट धुऊन पाण्यातले कण तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापला: कोलटारचा लेप असलेल्या लॉटवरून आलेल्या कणांत पीएएचचं प्रमाण लेप नसलेल्या लॉटच्या सरासरी ६५ पट होतं.

इथे लेपाच्या पोटात शिरायला हवं. सीलकोट दोन जातींचा असतो. एक बिटुमेनचा, दुसरा कोलटारचा. आपण मराठीत दोन्हींना सरसकट डांबर म्हणून मोकळे होतो, पण कोलटार निघतो दगडी कोळशातून, पोलादासाठी कोक भाजताना. त्याच्यात पीएएच ठासून भरलेली असतात. त्या कुळातलं सर्वांत साधं अपत्य म्हणजे नॅफ्थलिन, आजीच्या ट्रंकेतली डांबरगोळी. म्हणून कोलटार मारलेल्या लॉटवर मराठी माणसाला उगीचच लुगड्यांची आठवण होते. थोरली भावंडं मात्र अट्टल. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १९१५ मध्ये जपानात कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने कोलटार चोळून प्रयोगशाळेत पहिल्यांदा रसायन वापरून कर्करोग घडवून दाखवला. म्हणजे ज्या पदार्थाने कर्करोगाचं प्रायोगिक शास्त्र जन्माला घातलं, त्याचं २० ते ३५ टक्के पिच (कोलटार आटवून उरणारा घट्ट भाग) असलेलं पाणी अमेरिकेने शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि देवळांच्या दारात मारलं, आणि मुलं त्यावर खडूने चौकोन आखून लंगडी खेळली. ऑस्टिनमध्येच तळमजल्याच्या २३ सदनिकांतली धूळ तपासली, तेव्हा कोलटारच्या लॉटला लागून असलेल्या घरांतल्या धुळीत पीएएच इतरांच्या २५ पट निघालं. लेप चपलेला लागून आत येत होता. सारवण अंगणातून घरात शिरलं होतं.

उद्योगाने हात जोडून मान्य केलं, असं अर्थातच झालं नाही. पीएएच कुठे नसतं, असा त्यांचा सवाल होता: गाडीच्या धुरात असतं, लाकडाच्या शेकोटीत असतं, भाजलेल्या मांसावरच्या करपलेल्या कडेत असतं, शिवाय कोलटार तर कोंड्याच्या शाम्पूतही घालतात आणि तो औषधाच्या दुकानात उघड मिळतो. पहिल्या मुद्द्याला गाळानेच उत्तर दिलं. व्हॅन मीटर आणि माहलर यांनी देशभरातल्या ४० शहरी तळ्यांचा गाळ तपासला आणि रासायनिक ठशांवरून निघालं, की पीएएचचा सर्वांत मोठा वाटा, साधारण निम्मा, एकट्या कोलटार सीलकोटचा आहे. कोट्यवधी गाड्यांचा धूर मागे, शनिवारचा वायपर पुढे. शाम्पूबद्दल बोलायचं तर त्यात कोलटार असतो अर्धा ते पाच टक्के, आणि तो डोक्याला लावून दहा मिनिटांत धुऊन टाकायचा असतो. ड्राइव्हवेची खाज इतकी जुनाट नसते. एक मुद्दा मात्र त्यांच्या बाजूचा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा: पेट्रोल किंवा तेल सांडलं तर बिटुमेन विरघळतं, कोलटार विरघळत नाही. पेट्रोलपंपावर हा गुण कामाचा आहे. पण ज्याची गाडी घरी उभ्या उभ्या एवढं पेट्रोल सांडते, त्याने लेपवाल्याआधी मेकॅनिककडे जावं.

आणि इथेच माझ्या मूळ म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मिळतो. कोलटारचा लेप प्रामुख्याने रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला वापरात होता, कारण पोलादाच्या भट्ट्या तिकडे. पश्चिमेला बिटुमेनचं इमल्शन. किंमत जवळपास सारखी. बिटुमेनच्या लेपात पीएएच कोलटारच्या सुमारे हजारपट कमी. कोलटार खरोखरच डांबराचा तारणहार असता तर पश्चिमेकडचे ड्राइव्हवे एव्हाना भुगा होऊन पॅसिफिकमध्ये गेले असते. गेलेले नाहीत. ऑस्टिनने २००६ मध्ये कोलटारवर बंदी घातली, देशातली पहिली. पुढे वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये आणि मिनेसोटाने २०१४ पासून घातली, मोठ्या दुकानसाखळ्यांनी त्या बादल्या फळीवरून उतरवल्या. ऑस्टिनच्या लेडी बर्ड लेकच्या गाळात त्यानंतरच्या वर्षांत पीएएच निम्म्याहून खाली आलं. आणि ड्राइव्हवेवाल्यांचं काय झालं? काही नाही. बादलीतला पदार्थ कोळशाऐवजी तेलाचा झाला आणि बहुतेकांना पत्ता लागला नाही, कारण त्यांना हवा होता तो रंग, आणि तो तसाच होता. ज्या औषधातला मुख्य घटक काढून घेतला तरी रोगी खूश राहतो, त्या औषधाचा रोगाशी संबंध बेताचाच असणार.

रंगाला हात लावला की मात्र प्रकरण पेटतं. काळं डांबर ऊन गिळतं. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. म्हणून लॉस एंजेलिसने २०१७ मध्ये कनोगा पार्कसारख्या तापणाऱ्या वस्तीत रस्त्यांवर फिकट राखाडी परावर्तक लेप मारून पाहिला, मैलाला ४० हजार डॉलरच्या आसपास खर्च करून. फिनिक्सने २०२० पासून गल्ल्याच्या गल्ल्या राखाडी केल्या. ॲरिझोना राज्य विद्यापीठाने मोजलं, तर दुपारी लेपवाला पृष्ठभाग नेहमीच्या डांबरापेक्षा सरासरी सहा अंश सेल्सिअसने थंड निघाला. फक्त परतवलेलं ऊन त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर येऊन त्याला मात्र भर दुपारी तीन अंश जास्त भाजत होतं. शास्त्राला यावर अजून बरंच काम आहे. घरमालकाने ते केव्हाच संपवलं: सरकारी रस्ता हवा तेवढा राखाडी करा, माझा ड्राइव्हवे काळाच. राखाडी तर तो फुकटातच होतो, मग पैसे कशाचे द्यायचे?

काळेपणाच्या या व्यापारात बादलीवरची हमी तेवढी वाचण्यासारखी असते. एकाच फळीवर चार वर्षांची बादली, सहा वर्षांची, आठ वर्षांची, आणि किमतीही त्याच चढत्या भाजणीत. बारीक अक्षरांत सहसा असं असतं, की लेप मुदतीआधी गेला तर पावती आणा, बादलीचे पैसे परत देऊ. मजुरी, वाया गेलेला शनिवार आणि फेकलेले बूट धरणार नाही. कंपनीला या कलमाने फारसा भुर्दंड पडत असेल असं वाटत नाही. आठ वर्षांची बादली घेतलेला गृहस्थ तिसऱ्या मे महिन्यात पुन्हा दुकानात दिसतो, पण पावती आणलेली नसते, कारण त्याची काही तक्रारच नसते. लेप आहे, भेगाही आहेत, चाललं आहे. पण मागच्या शनिवारी समोरच्यांनी मारला.